चर्चमधून थेट नाथसागर

छत्रपती संभाजीनगरात दिल्ली गेटजवळ एक तलाव आहे. जुनी माणसं त्याला खिजरी तलाव म्हणायची, आता तो सलीम अली सरोवर. पक्ष्यांवर जीव लावलेल्या सलीम अलींचं नाव त्याला मिळालं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सलीम अलींना प्राणिशास्त्राच्या वर्गात नेऊन बसवलं कोणी? एका कॅथलिक धर्मगुरूनं! ब्रह्मदेशातून 1917 साली परतल्यावर सलीम अली मुंबईच्या दावर्स कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकत होते. या मुलाचा जीव वहीखात्यांत नाही, पाखरांत आहे, हे सेंट झेवियर्स कॉलेजातल्या फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी ओळखलं आणि त्यांना प्राणिशास्त्र शिकायला राजी केलं. मग सकाळी दावर्समध्ये हिशेब आणि त्यानंतर झेवियर्समध्ये प्राणी, अशी दुहेरी शाळा सुरू झाली.

म्हणजे आपल्या शहरातल्या त्या सरोवराच्या नावामागे एक मुसलमान पक्षीतज्ज्ञ उभा आहे आणि त्याच्या मागे एक स्विस जेझुइट. मला ही जोडी फार आवडते. ख्रिस्ती माणसाला निसर्ग निरखण्याचं वेड का लागतं, याच्या गोष्टी शोधायला लागलं की महाराष्ट्रात पावलोपावली अशी माणसं भेटतात. काही आपल्या शहरापासून गाडीनं तासा-दीड तासाच्या अंतरावर राहून गेलीत.

आज्ञा आहे: बघा!

सुरुवात मुळापासून करू. डोंगरावरच्या प्रवचनात येशू लोकांना चिंता सोडायला सांगतो, तेव्हा तो कुठल्या ग्रंथाचा दाखला देत नाही. आकाशातल्या पाखरांकडे बघा म्हणतो, रानातली फुलं कशी वाढतात ते नीट पाहा म्हणतो. लंडनचे प्रसिद्ध पाळक जॉन स्टॉट (1921-2011) हे जन्मभर गळ्यात दुर्बीण अडकवून फिरले. या बघण्याला ते साधी सूचना मानत नसत, आज्ञाच मानत. त्यांनी 1999 साली पाखरांना गुरू मानणारं एक आख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यातले बरेचसे फोटो स्वतः काढले.

बायबलमधला बाजारभावही गंमतीचा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. हिशेबानं चारच यायला हव्यात, म्हणजे पाचवी चिमणी वरकड, फुकट! आणि लूक नेमकं तिथेच सांगतो की यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. तराजूत जिचं मोल शून्य, तीही देवाच्या मोजणीत आहे. चिमणीवर इतकं मोठं प्रवचन मी दुसरं ऐकलेलं नाही.

शलमोन राजाचं शहाणपण सांगताना बायबल त्याच्या खजिन्याबरोबर त्याच्या निसर्गज्ञानाचाही उल्लेख करतं. लबानोनच्या गंधसरूपासून भिंतीत उगवणाऱ्या एजोबापर्यंतच्या झाडांवर, पशुपक्ष्यांवर, सरपटणाऱ्या जिवांवर आणि माशांवर तो बोलत असे.

यिर्मयाला ठाऊक होतं

सुमारे 2600 वर्षांपूर्वीचा यिर्मया संदेष्टा आपल्या लोकांवर चिडून म्हणतो की करकोच्याला, होल्याला, पाकोळीला आपापल्या येण्याजाण्याची वेळ कळते, तुम्हाला मात्र देवाचा नियम कळत नाही. संताप धर्माचा, पण निरीक्षण पक्क्या पक्षीनिरीक्षकाचं. तो जिथे राहत होता तो प्रदेश युरोप, आशिया आणि आफ्रिकेच्या सांध्यावर आहे. स्थलांतर करणाऱ्या पाखरांचे थवेच्या थवे आजही तिथूनच जातात.

आता याची पुढची गंमत बघा. यिर्मयानंतर दोन-अडीच शतकांनी ग्रीक पंडित ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलं की काही पाकोळ्या हिवाळ्यात बिळांत आणि कपारींत झोपून राहतात. हा समज इतका चिवट ठरला की अठराव्या शतकातला इंग्लंडचा थोर निसर्गनिरीक्षक आणि चर्चचा पाळक गिल्बर्ट व्हाइट यालाही तो पुरता सोडवेना. हाच व्हाइट कानाचा इतका तिखट, की दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या तीन चिमुकल्या वटवट्यांना त्यानं नुसत्या आवाजावरून वेगळं केलं. सेलबर्न गावच्या निसर्गावरचं त्याचं पुस्तक 1789 साली आलं. एका गावात राहून, तेच ते कुंपण, तेच ते झाड वर्षानुवर्षं पाहत राहिल्यावर काय हाती लागतं, त्याचा हा नमुना आहे.

शेवटी कोडं सोडवलं एका करकोच्यानं. जर्मनीत 1822 साली एक पांढरा करकोचा सापडला, त्याच्या मानेत आफ्रिकेतल्या लाकडाचा लांबलचक बाण आरपार घुसलेला! बाणासकट तो हजारो किलोमीटर उडून आला होता. पेंढा भरलेला तो पक्षी आजही रॉस्टॉक विद्यापीठात आहे.

आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. जून उजाडला की मराठवाड्यात चातक येतो. तो आफ्रिकेतून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या सोबतीनं येतो आणि त्याच सुमारास पावशाची हाक शेतकऱ्याला पेरणीची आठवण करून देते. ईयोबाच्या पुस्तकात देव विचारतो की ससाणा दक्षिणेकडे पंख पसरतो तो काय तुझ्या अकलेनं? अमूर ससाणे हेच करतात. दरवर्षी ते सैबेरिया आणि चीनकडून ईशान्य भारतात येतात, तिथे विसावा घेऊन मध्य भारत आणि महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडत आफ्रिकेला जातात. ईयोबापाशी त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आपण आज त्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बांधून वाट शोधू शकतो, पण ती वाट त्यांना शिकवली कोणी, या प्रश्नापुढे अजूनही मान खाली घालून उभं राहावं लागतं.

वडाळ्याचे फेअरबँक

संभाजीनगरहून अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, रस्त्याला लागलं की नेवासे फाट्यापुढे वडाळा बहिरोबा लागतं. एकोणिसाव्या शतकात या गावात रेव्हरंड सॅम्युएल बेकन फेअरबँक नावाचे अमेरिकन मिशनरी राहत. अमेरिकन मराठी मिशनचे हे गृहस्थ 1846 साली भारतात आले आणि 1898 साली कोडाईकनालला वारले. उपदेश, शाळा, दुष्काळातलं काम हे सगळं चालू असताना त्यांची नजर सतत पाखरांवर, नेच्यांवर आणि गोगलगायींवर असे.

खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि अहमदनगर परिसरातल्या पक्ष्यांची त्यांची यादी 1876 साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आली. त्याचे संपादक होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे 1885 साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. दख्खनच्या पाखरांवर त्या काळी इतक्या बारकाईनं फार थोड्यांनी लिहिलंय.

दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरात ‘लाफिंगथ्रश’ म्हणजे खिदळल्यासारखा आवाज करणारा एक गाणारा पक्षी आहे. त्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘फेअरबँकी’ आहे, कारण 1869 साली ब्लॅनफर्ड या शास्त्रज्ञानं त्याचं बारसं फेअरबँकच्या नावानं केलं. खाडीत राहणाऱ्या चिमुकल्या गोगलगायींच्या एका प्रजातीगटाचं नावच ‘फेअरबँकिया’, आणि त्यातल्या एका जातीच्या नावात मुंबई! वडाळ्याच्या पाळकाचं नाव असं पळणीच्या शेंड्यापासून मुंबईच्या चिखलापर्यंत पसरलेलं आहे.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी बंदुकीनं पाडायचा. दुर्बिणी कमकुवत होत्या, पाखरं टिपतील असे कॅमेरे नव्हते, कातडी पेंढा भरून ठेवल्याशिवाय कोणी विश्वास ठेवत नसे. फेअरबँकही याला अपवाद नव्हते. त्यांच्या कामाचं मोल मानूनही मला हे वाचताना बोचतं.

टिळकांच्या घरचा कवी

आणि याच मिशनशी जोडलेल्या अहमदनगरात पुढे असा माणूस आला, ज्यानं जखमी पाखरावर कविता लिहून पिढ्यान्‌पिढ्यांच्या शाळकरी मुलांच्या डोळ्यांत पाणी आणलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक. ‘केवढे हे क्रौर्य’ ही त्यांची कविता ज्यानं शाळेत म्हटली तो ती विसरत नाही. बाप्तिस्मा घेतला 1895 साली, पण फुलांची आणि पाखरांची ओढ आधीपासूनची. ख्रिस्ती झाल्यावर ती कमी झाली नाही, तिला नवा धनी मिळाला. ‘वनवासी फूल’ हे त्यांचं काव्य एका रानफुलाभोवती उभं आहे. महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचा कवी म्हणतो.

टिळकांच्या घरात आणखी एक निसर्गवेडा राहत असे, त्र्यंबक बापूजी ठोमरे. हे नाव ओळखीचं वाटत नसेल तर दुसरं सांगतो: बालकवी! जळगावला 1907 साली कविसंमेलन झालं. तिथे या कोवळ्या पोराच्या कवितेनं सभा जिंकली आणि अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवलं. त्यानंतर टिळक आणि लक्ष्मीबाईंनी त्याला आपल्या नगरच्या घरी पोटच्या पोरासारखं वागवलं. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त तो घरभर वावरताना भेटतो.

आता खरी चटकदार बाब. त्या संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे पेशानं शल्यविशारद आणि छंदानं वनस्पतिशास्त्रज्ञ होते. भारतीय औषधी वनस्पतींवरचा कीर्तिकर आणि बसू यांचा जाडजूड ग्रंथ आजही आयुर्वेदाचे विद्यार्थी चाळतात. म्हणजे मराठीतल्या सर्वांत लाडक्या निसर्गकवीला नाव दिलं झाडं ओळखणाऱ्या डॉक्टरनं आणि छप्पर दिलं एका ख्रिस्ती पाळकानं.

मराठी व्याकरण आणि कुंभ्याचं झाड

महाराष्ट्राच्या रानांत कुंभा नावाचं झाड आहे. साल जाड, आगीला सहजी न जुमानणारी. त्या सालीच्या धाग्यांची पूर्वी तोड्याच्या बंदुकीची वात करत. फुलांत पांढऱ्या-गुलाबी केसरांचा भरगच्च पुंजका. फूल रात्री उमलतं आणि दिवस वर आला की गळून पडतं.

या झाडाचं शास्त्रीय नाव ‘केरिया आर्बोरिया’, आणि केरिया म्हणजे विल्यम केरी. बंगालात श्रीरामपूरला राहणारा हा बाप्टिस्ट मिशनरी मूळचा चांभारकाम करणारा. वैजनाथ पंडितांच्या मदतीनं त्यानं मराठीचं व्याकरण 1805 साली छापलं, 1810 साली मोडी लिपीत मराठी कोश काढला आणि 1811 साली मराठीत नवा करार आणला. छापील मराठी पुस्तकांची सुरुवात सांगताना त्याचं नाव टाळता येत नाही. पण बागेतही तो तितकाच रमे. रॉक्सबर्गचा ‘फ्लोरा इंडिका’ त्यानं संपादित करून छापला आणि 1820 साली कलकत्त्याला शेती आणि बागकामासाठी संस्था स्थापन केली. इंग्लंडहून मित्रानं पाठवलेल्या बियांची पिशवी रिकामी झाल्यावर त्यानं तळाशी उरलेली माती सावलीत झटकली. काही दिवसांनी तिथे इंग्लंडच्या माळावरचं डेझी उगवलं! मायदेश सोडून आयुष्यभर परत न गेलेल्या त्या माणसाला ते फूल दिसल्यावर काय वाटलं असेल, याचा विचार करून पाहा. त्यावर इंग्लंडातल्या एका कवीनं कविताच लिहिली.

धर्मगुरूचा झगा आणि खुरपं

परत फादर ब्लॅटर यांच्याकडे येऊ. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात 1906 पासून जमत गेलेला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आज ‘ब्लॅटर हर्बेरियम’ म्हणून ओळखला जातो. लाखाहून अधिक नमुने, प्रत्येकावर ठिकाण आणि तारीख. पश्चिम भारतातल्या एखाद्या झुडपाबद्दल वाद झाला की अभ्यासक तिथेच धाव घेतात. ताडमाडांवर 1926 साली पुस्तक, काश्मीरच्या फुलांवर पुस्तक, आणि मृत्यूनंतर 1937 साली मिलार्ड यांच्या जोडीनं लिहिलेलं भारतातल्या सुंदर झाडांवरचं पुस्तक. हे शेवटचं आजही वृक्षप्रेमींच्या कपाटात सापडतं.

त्यांच्यानंतर आले स्पेनचे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव. खंडाळ्याच्या पावसात भिजत त्यांनी तिथल्या वनस्पतींची नोंद केली (1953), मग पुरंदरची (1958). बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या प्रमुखपदी एक धर्मगुरू बसला तो हाच, आणि 1967 साली भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. महाराष्ट्रात उगवणाऱ्या कंदीलपुष्पाच्या एका दुर्मीळ जातीला ‘सांतापाव’ नाव आहे. सह्याद्रीत फिरताना ती भेटली तर तोडू नका, गुडघ्यावर बसून बघा. फादर असंच बघत असतील.

(जगाच्या पाठीवर अशी मंडळी कमी नाहीत. वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल मठातला साधू होता. पांडा पाश्चात्त्य शास्त्राच्या नजरेस 1869 साली आणणारे आर्मां डेव्हिड फ्रेंच धर्मगुरू होते.)

एकच फूल, दोन वाचनं

कृष्णकमळ हे फूल मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे आजी सांगते की बाहेरच्या तंतूंचं कडं म्हणजे शंभर कौरव, आतले पाच म्हणजे पांडव आणि मधोमध कृष्ण. तेच फूल दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिश धर्मगुरूंनी पाहिलं, तर त्यांना तंतूंत काट्यांचा मुकुट दिसला, पाच परागकोशांत येशूच्या पाच जखमा, वरच्या तीन कुक्षींत खिळे आणि दहा पाकळ्यांत यहूदा आणि पेत्र वगळून उरलेले दहा प्रेषित. त्याचं इंग्रजी नाव ‘पॅशन फ्लॉवर’ या दुःखसहनावरूनच पडलं. दोन्ही वाचनं खरी मानायला मला काही अडचण वाटत नाही. इतकं बारीक मोजायचं तर फुलाजवळ बराच वेळ बसावं लागतं, आणि दोघांनीही ते केलं.

चंद्र, राख, गव्हाण

ईस्टर दरवर्षी तारीख का बदलतो? कारण तो चंद्रावर चालतो. 21 मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणून चैत्री पौर्णिमेची हनुमान जयंती आणि ईस्टर पुष्कळदा एकाच आठवड्यात येतात. त्याआधीचा उपवासकाळ आपल्याकडे पळस आणि काटेसावर फुलण्याचा काळ असतो. आणि राखेच्या बुधवारी कपाळावर लावतात ती राख, परंपरेनं, आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची.

नाताळची गव्हाण सुरू केली असिसीच्या संत फ्रान्सिसनं, 1223 साली, ग्रेच्चो गावात, खऱ्या बैलाला आणि गाढवाला उभं करून. याच फ्रान्सिसला पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979 साली पर्यावरणाचा आश्रयदाता संत ठरवलं. गोव्यात आणि वसईत नाताळाआधी ताटलीत नाचणी किंवा गहू पेरून त्याचे कोवळे अंकुर गव्हाणीत ठेवतात, अगदी नवरात्रातल्या घटासारखे. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत भाताची पहिली लोंबी चर्चमध्ये नेतात, तो आगेरा. गोव्यात रायच्या चर्चमध्ये 5 ऑगस्टला कोणसांचं फेस्त होतं. पिकाचा पहिला घास देवाला, हा रिवाज कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

दुसरे फ्रान्सिस म्हणजे संत फ्रान्सिस डी सेल्स. आपल्या शहरातल्या कित्येक पिढ्या त्यांच्या नावाच्या शाळेत शिकल्या. त्यांचं भक्तिजीवनावरचं 1609 सालचं पुस्तक मधमाश्या, फुलं आणि पाखरांच्या दाखल्यांनी गच्च भरलेलं आहे. ते पत्रकारांचेही आश्रयदाते संत आहेत, म्हणून हा मजकूर लिहिताना त्यांचं स्मरण करतो.

वसईचे फादर, मराठवाड्याचा मांडव

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी या वाटेला आणखी पुढे नेलं. निसर्ग नुसता न्याहाळायचा नाही, तो वाचवायला रस्त्यावरही उतरायचं. केळी, पानवेली आणि विहिरींची वसई बिल्डरांच्या आणि टँकरच्या घशात जाऊ नये म्हणून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून ‘हरित वसई’ची चळवळ त्यांनी उभी केली. धमक्या आल्या, तरी ते हटले नाहीत. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते. आणि 2020 च्या जानेवारीत मराठवाड्यातच, धाराशिवला भरलेल्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. त्या मानाच्या खुर्चीवर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. 25 जुलै 2024 रोजी ते गेले. पोप फ्रान्सिस यांचं पृथ्वीच्या जतनावरचं पत्र 2015 साली आलं, त्याच्या पाव शतक आधी फादर दिब्रिटो वसईत तेच काम करत होते.

आता आपली पाळी

पैठणचा नाथसागर शहरापासून सुमारे 50 किलोमीटर. जायकवाडी धरणाचं पाणी फार मोठ्या पसरट बशीत साचतं, काठ उथळ, म्हणून पाखरांना चिखल आणि खाणं भरपूर. 1986 साली तो अभयारण्य झाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तिथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं आणि रोहित येतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो. उडताना सात हजार मीटरहून जास्त उंचीवर त्याची नोंद झालेली आहे, आणि तिथल्या विरळ हवेत माणसाला चार पावलं चालतानाही धाप लागते.

अनेक ख्रिस्ती मंडळ्या 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा काळ सृष्टीसाठी प्रार्थनेचा पाळतात. शहरातल्या चर्चना आणि इतर सगळ्यांनाही माझी विनंती आहे: त्या काळात एक रविवार उपासनेनंतर मुलांना सलीम अली सरोवरावर न्या आणि डिसेंबरात एकदा नाथसागरावर. दुर्बीण दोघा-तिघांत एक पुरते. दिसलेल्या पाखरांची यादी तारखेसह वहीत लिहून ठेवा, फेअरबँकांसारखी, फक्त बंदुकीशिवाय. होडीनं किंवा ड्रोननं थव्यांच्या मागे लागू नका, हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला विसावा लागतो. आणि जानेवारीत पतंग उडवताना नायलॉनचा मांजा घरात आणू नका, शेजारच्या पोराकडे दिसला तर त्यालाही समजावून सांगा. दर संक्रांतीला त्या दोऱ्यात पंख कापून पाखरं मरतात.